आप्पांचं वडाप

"पुढनं उतर. ती रूपाची जागा हाय," आप्पा म्हणाले.

मी उतरले नाही. पिशवी पायाशी ठेवली आणि जीपचं दार ओढून घेतलं. रूपा म्हणजे शेजारच्या हौसाक्कांची नात, नववीतली पोरगी. ती दप्तर छातीशी धरून खाली उभी होती. तिनं एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मुकाट्यानं मागं जाऊन बसली.

"तपासायला आलीस व्हय?" आप्पांनी विचारलं.

"तालुक्याला जायचंय. काम आहे."

"काम न्हाई न् काय न्हाई. त्या डाक्टरानं तुझं कान भरल्यात."

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं नागमळी हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या वर. एसटी दिवसातून एकदा यायची, तीही आली तर आली. बाकी सगळा कारभार वडापवर, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपवर. गावात तीन वडापं होती आणि त्यांतलं सगळ्यात जुनं माझ्या वडिलांचं, आप्पांचं. शाळेच्या पोरींना ते फुकट न्यायचे, वर्गाची घंटा व्हायच्या आत सोडायचे. त्यांच्यामुळं आमच्या गावच्या पोरी सातवीच्या पुढं गेल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकताना ते विसरून चालणार नाही.

आई गेल्यापासून आप्पा एकटे राहायचे. भाकरी हौसाक्का करून द्यायच्या. मी गडहिंग्लजला असायचे, शिवणकामाचे वर्ग चालवायचे. आप्पा एकदा आले तेव्हा आमच्या दाराच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला, आणि पाण्याचा तांब्या हाताशी असून त्यांना सापडेना. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिथं आप्पांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी मग दुसऱ्या यंत्रावर बराच वेळ तपासलं. म्हणाले, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. समोरचं शाबूत आहे, बाजूचं गेलंय. नळीतून बघावं तसं यांना दिसतं. गेलेली नजर परत येत नाही. औषध घातलं तर आहे ती टिकेल. गाडी मात्र आजपासून बंद.

आप्पांनी औषध घेतलं. गाडी बंद केली नाही. महिन्याभरानं गावातल्या कुणीतरी सहज सांगितलं, तशी मी आले होते.

घाट उतरताना मी रस्त्यापेक्षा त्यांच्याकडंच बघत होते. आणि खरं सांगायचं तर मला काही खोट दिसेना. त्या रस्त्याचं वळण न् वळण त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. कुठं गिअर टाकायचा, कुठं ब्रेकवरचा पाय नुसता ठेवायचा, कुठं आतल्या बाजूनं घ्यायचं, सगळं हात आपोआप करत होते. मागं पोरी हसत होत्या, बाजाराला निघालेले चार जण बोलत होते. मला वाटायला लागलं, डॉक्टरच चुकले असतील.

घाट संपून सपाटी लागली. डाव्या कडेनं, अगदी माझ्या बाजूनं, एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती. रस्त्याच्या मधोमध नाही, कडेला. मला ती लांबूनच दिसली. आप्पा गाडी हळूहळू डावीकडं घेत होते, समोरून ट्रक येत होता म्हणून. मी वाट बघितली. आता हॉर्न देतील, आता सावरतील. त्यांनी काहीच केलं नाही. त्यांची नजर ट्रकवर होती. ट्रक निघून गेला तरी गाडी कडेलाच सरकत होती.

मी स्टेअरिंग धरून ओढलं.

गाडी उजवीकडं उडाली, मागं किंकाळी झाली, आणि आप्पांनी कचकन ब्रेक दाबला. बाई भाऱ्यासकट गटारात पडली होती. लागलं नव्हतं. धक्का लागायच्या आधी तिनंच उडी घेतली होती.

"डोक्यावर पडलीस का?" आप्पा माझ्यावर ओरडले. "चालू गाडीत स्टेअरिंग धरतीस?"

"ती बाई दिसली नाही तुम्हाला?"

"कुठली बाई?"

एवढं बोलल्यावर त्यांनी मान पूर्ण वळवली आणि तेव्हा त्यांना ती दिसली. गटारातून उठत होती, लुगडं चिखलानं भरलेलं. तिनं एक शिवी हासडली आणि म्हणाली, "डोळं फुटलं काय रं तुझं?"

"रस्त्यानं नीट चालाय शीक," आप्पा म्हणाले आणि गिअर टाकला.

मला वाटलं होतं, मागची माणसं तरी काही बोलतील. बोलली, पण मला. एक जण म्हणाला, "वैजूताई, तुम्ही हात घातला म्हणून गाडी भडकली. आप्पांची गाडी कधी अशी झाली न्हाई." दुसऱ्यानं मान हलवली. त्यांना मागं बसून बाई आधी दिसली नव्हती. त्यांना फक्त मी स्टेअरिंग ओढलेलं दिसलं होतं. रूपाही मागंच होती. नेहमीसारखी ती पुढं बसली असती तर तिला दिसलं असतं, आणि तिचा हात स्टेअरिंगपर्यंत पोचला नसता.

दुपारी घरी आल्यावर आप्पा जेवायला बसले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

"आप्पा, समोर भिंतीकडं बघा. मान हलवू नका. माझा हात दिसतोय?"

"तू काय डाक्टर हाईस?"

"दिसतोय का तेवढं सांगा."

"दिसतोय की."

"हात मी केव्हाच खाली घेतलाय, आप्पा."

ते घास चावत राहिले. भाकरीचा उरलेला तुकडा ताटात ठेवला, ताट सरकवलं.

"गाडी माझी," ते म्हणाले. "माझ्या घामाची. रस्ता मला म्हाईत. जीव माझा. तुला काय आडचण हाय?"

"तुमच्या एकट्याचा जीव नाही. मागं आठ पोरी असतात."

"मी कुणाला हाताला धरून बसवत न्हाई. बसायचं त्यो बसतोय."

"त्यांना ठाऊक नाही म्हणून बसतात. तुम्ही सांगितलंय त्यांना?"

"मला दिसतंय म्हटल्यावर सांगायचं काय?"

"मग मी सांगते."

"सांग," ते म्हणाले. आणि मग आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "वैजू, तुला मी अडवलं हुतं?"

ते कशाबद्दल बोलत होते ते मला पक्कं माहीत होतं. माझं आणि सायमन बारदेस्करचं ठरलं, तेव्हा सगळी भावकी आमच्या दारात जमली होती. पोरगी ख्रिश्चनाच्या घरात जाणार म्हणजे गावाचं नाक जाणार, तिला कोंडून घाल, असं चुलत्यांनी आप्पांना सांगितलं होतं. आप्पा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले होते, "पोरगी माझी हाय, पर जल्म तिचा हाय." लग्नाला आमच्याकडून ते एकटेच आले. चर्चच्या पहिल्या बाकावर पटका बांधून बसले. त्यानंतर दोन वर्षं भावकीनं त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही आणि त्यांनी मला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नव्हतं.

"सगळं गाव म्हणत हुतं अडव," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं, तिचं ती बघंल. आता माझं मी बघतो. एवढंच मागतोय."

"हे तसं नाही, आप्पा."

"का? तुझी मर्जी ती मर्जी, आणि माझी ती खोड?"

मी खुंटीवरची चावी घेतली आणि बाहेर पडले. ते मागून आले नाहीत. दुसरी चावी त्यांच्याकडं होती हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी घरोघर फिरले. हौसाक्कांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हातारपणात कुणाला धड दिसतंय?" त्या म्हणाल्या. "मला तर सुईत दोरा ओवता येत न्हाई."

"तुम्ही पोरींना बसवून घाट उतरत नाही, हौसाक्का."

"आणि आप्पा न्हाईत तर पोरीला कोण न्हेणार? बाकीची वडापवाली पोरींना घेत न्हाईत, जागा आडती म्हणत्यात. तू न्हेणार हाईस?"

"काहीतरी मार्ग काढू."

"तू गडहिंग्लजला जाऊन मार्ग काढशील," त्या म्हणाल्या आणि सूप झटकलं. "आमच्या घरात ह्या पोरीच्या बापाला तिची शाळा आधीच डोळ्यावर आलीया. एक दिस चुकली की कायमची चुकली. तुला काय त्याचं."

बाकी घरांत याहून वाईट ऐकलं. एकानं तोंडावर विचारलं, म्हाताऱ्याची गाडी विकून नवऱ्याला दुकान घालून द्यायचंय काय.

रात्री वाण्याच्या दुकानातून सायमनला फोन केला. तो पहाटे निघून मिळेल त्या गाडीनं सकाळीच आला. आम्ही दोघांनी ठरवलं, जीप गडहिंग्लजला न्यायची आणि आमच्या आवारात लावून ठेवायची. पुढचं पुढं बघू. सायमनचं मन होत नव्हतं. तो म्हणाला, "आधी विचारू या त्यांना." मी म्हटलं, विचारून झालंय.

तो स्टेअरिंगला बसला, मी शेजारी. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. अंगात नुसती बंडी होती. ते सरळ येऊन गाडीसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

"घाल अंगावरनं," ते सायमनला म्हणाले.

"आप्पा, बाजूला व्हा. आपण बसून बोलू," सायमन म्हणाला.

"उतर माझ्या गाडीतनं."

माणसं जमायला लागली. शाळेच्या पोरी दप्तरं घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. भावकीतले चुलतेही आले. हेच चुलते, ज्यांना आप्पांनी माझ्यापायी दारातून परत पाठवलं होतं. ते आज आप्पांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"आप्पा," मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही. सगळ्यांसमोर सांगते. काल एक बाई गाडीखाली येत होती."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते सायमनकडं बघत होते. म्हणाले, "बाटग्याच्या हातात माझी गाडी जाऊ द्यायची न्हाई."

कुणीतरी हसलं. मला वाटतं धाकटे चुलते.

हा शब्द आप्पांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. भावकीच्या बैठकीत तो दहादा उच्चारला गेला होता, आणि प्रत्येक वेळी आप्पांनी, असलं माझ्या उंबऱ्यात बोलायचं नाही, म्हणून बजावलं होतं. सायमननं इंजिन बंद केलं. खाली उतरला, चावी बॉनेटवर आप्पांच्या हाताशेजारी ठेवली. आप्पांना ती तिथं असलेली दिसली नाही. त्यांनी बॉनेट चाचपलं तेव्हा ती हाताला लागली.

सायमन मला म्हणाला, "मी फाट्यावर थांबतो." आणि चालू लागला.

पोरी गाडीत चढल्या. रूपा पुढं बसली. आप्पांनी गाडी काढली आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावरून नेली. त्यांना मी दिसले होते की नव्हते, ते आजही सांगता येणार नाही.

फाट्यावर सायमन दगडावर बसला होता. मी जवळ गेले तरी उठला नाही.

"गाडी त्यांची आहे, वैजू," तो म्हणाला. "मी पुन्हा हात लावणार नाही."

"तो शब्द त्यांचा नव्हता."

"त्यांचाच होता. आजवर वापरला नव्हता, एवढंच." मग म्हणाला, "तू काय करणार?"

"पोलिसांत जाणार."

तो उठला. "मग एकटी जा," तो म्हणाला.

एकटी गेले. ठाण्यातल्या हवालदारांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि हसून म्हणाले, "बाई, बापाचे डोळे तपासायचं काम आमच्याकडं नसतं. घरातलं घरात मिटवा."

"खासगी गाडीत माणसं भरून नेणं चालतं का?"

ते हसायचे थांबले. "वडाप म्हणताय?"

"हो."

"लेखी देताय? बापाच्या नावानं?"

"देते."

"एकट्यावर कारवाई करता येणार नाही. त्या रस्त्याला चालतात तेवढ्या सगळ्यांना धरावं लागेल. गाव तुम्हाला दारात उभं करणार नाही, हे ध्यानात घ्या."

मी लिहून सही केली. वैजयंता सायमन बारदेस्कर. हवालदारांनी नाव वाचलं, वर बघितलं आणि कागद ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या तळाशी तिन्ही जीपा अडवल्या. माणसांना खाली उतरवलं. आप्पा म्हणे गाडीतून उतरेनात. शेवटी दोघांनी धरून उतरवलं. पोरी तिथून चालत गावी परत गेल्या, चढ चढून.

बाकीच्या दोन गाड्या काही दिवसांनी सुटल्या आणि पुन्हा चालायला लागल्या. आप्पांची सुटली नाही. आप्पा सोडवायला गेले तेव्हा लायसन मागितलं, त्याची मुदत संपलेली निघाली. नवीन करायचं तर डोळ्यांचा दाखला आणा म्हणाले. आप्पा घरी आले ते दाखला आणायला गेलेच नाहीत. एकदाही नाही. गाडी ठाण्याच्या आवारात गंजून गेली.

रूपाची शाळा सुटली. हौसाक्का म्हणाल्या होत्या तसंच झालं. बापानं म्हटलं, आता बास. पुढच्या वर्षी बेळगावकडं तिचं लग्न लावून दिलं. मला कळलं तेव्हा मी हौसाक्कांना भेटायला गेले. त्यांनी मला बघून आतून कडी लावली. त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही. माझी होती असंही म्हणत नाही. त्या गटारातल्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही, आणि रूपाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. दोन्ही खरं आहे.

आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. सायमन मात्र महिन्याकाठी त्यांच्याकडं जायला लागला, औषध घेऊन. आप्पांनी माफी मागितली नाही, त्यानं कधी अपेक्षा केली नाही. दोघं ओट्यावर बसायचे, असं तो सांगायचा. माझा विषय निघायचा नाही.

मग आप्पांनी चालायला सुरुवात केली. नजर आणखी आक्रसली होती. तरी बाजाराच्या दिवशी हातात काठी घेऊन ते घाट उतरायचे, तालुक्याला जायचे, चहा प्यायचे आणि परत चढून यायचे. वडापवाले थांबून बसा म्हणायचे, तर ते मान हलवून पुढं जायचे. एकदा रस्त्यातल्या मोरीच्या पुलावरून खाली पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तसे पुन्हा निघाले.

आता गावातून मला फोन येऊ लागले. बाप गाडीखाली जाईल, त्याला घेऊन जा, खोलीत ठेव. धाकट्या चुलत्यांनीही केला. शेवटी एक दिवस हौसाक्का स्वतः गडहिंग्लजला आल्या. शिलाई मशीनच्या पलीकडं उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"तवा पोलीस बोलावलंस," त्या म्हणाल्या. "आता म्हातारा मराय लागलाय तर गप बसलीस. आता का अडवत न्हाईस?"

"आता ते एकटे असतात, हौसाक्का."

"म्हंजे मेला तरी चालंल?"

"नाही चालणार. पण अडवणार नाही."

"तुझं काळीज दगडाचं हाय," त्या म्हणाल्या आणि पाणी न पिता निघून गेल्या.

त्यानंतरच्या बाजाराला मी नागमळीला चालले होते. एसटी घाटाखाली आली तेव्हा खिडकीतून आप्पा दिसले. तालुक्याहून परत निघाले होते, पाठीला पिशवी, काठी पुढं टेकत, चढाला लागलेले. मी कंडक्टरला थांबवायला सांगितलं आणि उतरले. गाडी पुढं निघून गेली.

मी त्यांच्या मागं दहा-बारा हातांवरून चालू लागले. हाक मारली नाही. त्यांना माझी चाल ओळखू आली असावी, कारण पहिल्या वळणावर ते थांबले. वळले नाहीत.

"माझ्या मागं येऊ नगं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मी माझ्या वाटेनं चाललेय," मी म्हणाले. "रस्ता काय तुमच्या एकट्याचा आहे?"

वरून एक जीप खाली येत होती, तिचा आवाज वळणामागून यायला लागला होता. आप्पांनी काठीनं कडेची माती चाचपली, आत सरकले, आणि गाडी जाईपर्यंत माझ्यासाठीही जागा ठेवून उभे राहिले. मग चढ चढायला लागले.